गोळ्या बंद करून देणारा ऑनलाईन प्रोग्रॅम घेऊ का?

पत्र: ४७ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. टाईप टू डायबेटिस निघून पाच वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय बीपीची एक गोळी. वजन ८७ किलो, एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांची शुगर सरासरी कशी होती ते सांगणारा रक्ताचा आकडा) ८.४. डॉक्टर दर वेळी "वजन कमी करा" म्हणतात आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत येतो. दोन वर्षांपूर्वी एका अ‍ॅपवर त्यांनी ८६ वरून ८० पर्यंत वजन आणलं होतं, तेव्हा एचबीएवनसी ७.२ झालं होतं, पण वर्षभरात सगळं परत आलं. ग्रुपवर दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन टाकावं लागायचं, त्याची लाज वाटायला लागली आणि एक दिवस अ‍ॅपच डिलीट केलं. आता ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या "सगळ्या गोळ्या सुटल्या" एका ऑनलाईन प्रोग्रॅममुळे. त्या प्रोग्रॅमवाल्यांचा यांनाही फोन आला: बारा आठवड्यांत डायबेटिस रिव्हर्स, पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद, आणि डॉक्टरांना आत्ता काही सांगू नका, रिपोर्ट दाखवून सरप्राईज द्या. नवरा म्हणतो ही सगळी फसवणूक आहे. ताई लिहितात, "माझ्यात कंट्रोलच नाही. दुपारी मुद्दाम अर्धंच जेवते, पण सहाच्या सुमाराला अशी भूक लागते की हात थरथरतात, घाम येतो, समोर येईल ते खाते आणि मग स्वतःचाच राग येतो. मला असा कडक प्रोग्रॅमच हवा ना? की मी आळशीच आहे, म्हणून कशाचाच उपयोग नाही?"

उत्तर:

ताई, प्रोग्रॅमचं नंतर बोलू, आधी ते संध्याकाळी सहाचं. तुम्ही ते स्वतःला दोष देता देता शेवटी लिहून टाकलंय, पण मला अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. हात थरथरणं, घाम, एकदम उसळलेली भूक, धडधड, काही न सुचणं, ही शुगर खाली गेल्याची लक्षणं असतात, हायपो म्हणतात त्याला. आणि ग्लिमेपिराईड ही हायपो करू शकणारीच गोळी आहे, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही पोटभर जेवला असाल किंवा अर्धंच, तिचं काम ती करत राहते. दुपारचं जेवण निम्मं आणि गोळी मात्र पूर्ण, असं चाललं तर सहा वाजता शरीर खायला मागणारच, आणि जोरात मागणार. तुम्ही त्याला इतके दिवस "कंट्रोल नाही" म्हणताय.

हे हायपोच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही, मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही, आणि नुसत्या पत्रावरून डॉक्टरसुद्धा सांगणार नाहीत. पण तुम्हाला स्वतःला ते मिनिटाभरात कळू शकतं. ग्लुकोमीटर पर्समध्ये ठेवा, पुढच्या वेळी हात थरथरायला लागले की काही तोंडात टाकायच्या आधी बोट टोचून आकडा बघा आणि वेळेसकट मोबाईलमध्ये टिपा. ७० च्या खाली असेल तर हायपो, ५४ च्या खाली असेल तर गंभीर. अशा वेळी साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात घालून घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, परत बघायचं, अजून कमीच असेल तर परत तेवढीच घ्यायची, आणि आकडा वर आला की मग नीट काहीतरी खाऊन घ्यायचं. मीटर जवळ नसेल तर आधी साखर, आकडा नंतर. ७० च्या खालचा आकडा एकदा जरी दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि आकडा चांगला वर आला, समजा १३०, तरी तोही लिहून ठेवा, कारण ज्यांची शुगर बरेच महिने चढी असते त्यांना ती झपाट्याने उतरताना ७० च्या वर असतानाच असं थरथरायला होऊ शकतं, आणि डॉक्टरांना त्यातूनही पुष्कळ कळतं.

आता याच गोळीबद्दल अजून एक. ग्लिमेपिराईडने काही जणांचं वजन थोडं वाढतं. इन्सुलिनने वाढू शकतं, पायोग्लिटाझोन या शुगरच्या दुसऱ्या गोळीने वाढू शकतं. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही, आणि ती एकटी घेतली तर हायपोही सहसा होत नाही. म्हणजे तुम्हाला वजन कमी करायला सांगितलंय, हातात दिलेली एक गोळी वजनाला उलट्या बाजूने थोडी ओढतेय, शिवाय संध्याकाळी ती तुम्हाला खायला लावतेय असा दाट संशय आहे, आणि एवढं असून आळशी कोण तर तुम्ही! मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, एचबीएवनसी ८.४ आहे, शुगर वर उसळेल. डॉक्टरांना सरळ विचारायचं, वजन न वाढवणारा आणि हायपो न करणारा दुसरा पर्याय माझ्यासाठी आहे का? पुष्कळदा असतो, आणि पुष्कळदा पेशंट विचारत नाही म्हणून जुनंच प्रिस्क्रिप्शन वर्षानुवर्षं पुढे चालत राहतं.

दुसरी गोष्ट ते "सगळं परत आलं" म्हणताय त्याची. ८६ वरून ८० म्हणजे जवळपास ७ टक्के वजन तुम्ही कमी केलं होतं. डायबेटिसमध्ये ५ टक्क्यांपासूनच शुगर, बीपी, ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली चरबी) सुधारायला लागतात, आणि तुमचं एचबीएवनसी ७.२ पर्यंत आलंही होतं. माझ्या दृष्टीने तो प्रयोग यशस्वी झाला होता, पुढचं वर्ष मात्र कोणी आखून दिलं नव्हतं. वजन उतरलं की शरीर गप्प बसत नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जाड लोकांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला आणि वर्षभराने परत तपासलं, तर भूक वाढवणारं हार्मोन तेव्हाही आधीपेक्षा जास्तच होतं, पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स कमीच होती, आणि त्या माणसांना भूकही आधीपेक्षा जास्तच जाणवत होती. म्हणजे अ‍ॅप संपलं, कोचचे मेसेज थांबले, आणि भूक मात्र वर्षभर वाढलेलीच. अशात वजन परत येणं हे बहुतेकांचं होतं, तुमचं एकटीचं नाही. म्हणून प्रोग्रॅम निवडताना पहिल्या बारा आठवड्यांत किती किलो जातात हे मी नंतर बघते, तेराव्या आठवड्यापासून पुढे काय देणार हे आधी.

आता त्या "रिव्हर्स"कडे येऊ. नवरा म्हणतो फसवणूक, फोनवाले म्हणतात गॅरंटी, आणि दोघांनीही अर्धंच सांगितलंय. टाईप टू डायबेटिस मागे हटू शकतो हे खरं आहे, त्याला डॉक्टर रिमिशन म्हणतात, आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरवली ती अशी की शुगरची सगळी औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली. याचा सगळ्यात गाजलेला पुरावा म्हणजे ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास, रॉय टेलर आणि माईक लीन या दोन प्राध्यापकांचा, पहिले निकाल २०१७ मध्ये आले. त्यात तीन ते पाच महिने रोज साधारण ८२५ ते ८५० कॅलरीचे शेक आणि सूप, मग हळूहळू नेहमीचं जेवण, मग वजन टिकवायला दर महिन्याला भेट, असं ठेवलं होतं. वर्षाअखेर ४६ टक्के लोक रिमिशनमध्ये होते, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. कारणही समजण्यासारखं आहे, लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी कमी झाली की लिव्हर इन्सुलिनचं ऐकायला लागतं आणि स्वादुपिंड परत इन्सुलिन बनवायला लागतं, म्हणजे ज्यांचं ते अजून पुरतं थकलेलं नाही त्यांचं.

हे झालं जाहिरातीत येतं ते. येत नाही ते पण ऐका. त्या अभ्यासात डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतलेच लोक घेतले होते, इन्सुलिन घेणारे घेतले नव्हते. १५ किलो उतरवणं सगळ्यांना जमलं नाही, साधारण चारातल्या एकालाच जमलं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. आणि मुख्य म्हणजे तिथेही शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्या दिवशीच थांबवल्या होत्या, तुमच्या फोनवाल्यांनी ते कदाचित तिथूनच उचललं असेल, पण तिथे हे सगळं लोकांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून चालत होतं, शिकवलेल्या नर्स आणि आहारतज्ज्ञ समोर बसून तपासत होत्या, आणि शुगर किंवा बीपी परत वर गेलं तर कोणती गोळी कधी परत सुरू करायची हे आधीच ठरलेलं होतं. गोळी थांबवण्यात चूक काही नाही. डॉक्टरांना अंधारात ठेवून थांबवण्यात धोका आहे, आणि "सांगू नका, सरप्राईज द्या" हे वाक्य ज्या प्रोग्रॅमच्या माणसाने उच्चारलं तो प्रोग्रॅम मी तिथल्या तिथे यादीतून काढला असता. तुम्हीही काढा, एवढं मी ठामपणे सांगते.

तुमची पाच वर्षं झालीत म्हणजे तुम्ही अजून त्या सहा वर्षांच्या आत आहात, इन्सुलिनही नाही. म्हणजे रिमिशनची आशा ठेवायला जागा आहे. ती शंभर टक्के नाही आणि तुम्ही किती मनापासून करता एवढ्यावरच ती अवलंबूनही नाही, स्वादुपिंडात किती ताकद शिल्लक आहे ते बाहेरून दिसत नाही, सारखंच वजन उतरवलेल्या दोघांत एकाचा डायबेटिस जातो आणि एकाचा राहतो. राहिला तरी गोळ्या कमी होणं, बीपी उतरणं, लिव्हरची चरबी जाणं हे पदरात पडतंच. अमेरिकेत २००१ पासून लुक अहेड नावाचा मोठा अभ्यास झाला, डायबेटिस असलेले ५,१४५ लोक, त्यातल्या ज्या गटाला आहार-व्यायामाचा कसून कार्यक्रम दिला त्यांचं पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरलं आणि जवळपास दहा वर्षांनी ६ टक्के कमी राहिलं होतं. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक त्याने घटले नाहीत, हे पण तितकंच खरं सांगायला हवं, पण औषधं कमी लागली, हिंडणं-फिरणं जास्त टिकलं, झोपेतला श्वासाचा त्रास कमी झाला, मूत्रपिंडाचे गंभीर त्रासही कमी झाले.

मैत्रिणीचं म्हणाल तर तिचं मनापासून अभिनंदन, पण तिच्या "सगळ्या गोळ्या" म्हणजे किती होत्या ते विचारा. डायबेटिस निघून वर्षच झालं असेल, एकटी मेटफॉर्मिन चालू असेल, तर तिचा रस्ता तुमच्यापेक्षा बराच सोपा होता. आणि सहा महिन्यांनी तिचं एचबीएवनसी काय येतंय तेही विचारा, मत्सर म्हणून नाही, तर सुटलेल्या गोळ्या परत लागू शकतात आणि तपासणी थांबवली तर ते कळत नाही म्हणून. रिमिशनमध्ये असलेल्यांनीसुद्धा वर्षातून एकदा तरी एचबीएवनसी करायचंच असतं, डोळे, पाय, किडनी यांची तपासणीही चालूच ठेवायची असते. "मी बरी झाले" म्हणून हे सोडून देणारे लोक मी बघितलेत आणि त्यांची मला फार काळजी वाटते.

आता ऑनलाईन. मला लोक विचारतात की स्क्रीनवरून वजन कसं उतरणार, समोर कोणी असल्याशिवाय होतं का. होतं, पण स्क्रीनच्या पलीकडे माणूस हवा. अमेरिकेत २००३ मध्ये छापलेला एक जुना अभ्यास मला अजूनही पटतो. टाईप टू डायबेटिसचा धोका असलेल्या ९२ जणांना दोन गटांत वाटलं, दोन्ही गटांना वजन कमी करायचा तोच इंटरनेट प्रोग्रॅम दिला, फक्त एका गटाला शिवाय ईमेलवरून समुपदेशकाचं उत्तर मिळायचं, त्यांनी लिहून पाठवलेलं वाचून. वर्षाने नुसत्या प्रोग्रॅमवाल्यांचं वजन सरासरी २ किलो उतरलं आणि उत्तर मिळणाऱ्यांचं ४.४. व्हिडिओ तेच, धडे तेच, फरक काय तर तुमचं लिहिलेलं कोणीतरी वाचतंय. त्यामुळे अ‍ॅप किती भारी दिसतं, त्यात किती ग्राफ आहेत, शुगर सतत मोजणारा सेन्सर देतात का, यावर जाऊ नका. दंडाला लावायचा सेन्सर शिकवतो पुष्कळ, कशाने शुगर चढते ते डोळ्यांसमोर दिसतं, पण प्रत्येक चढाला घाबरून खाणंच सोडायचं असं होणार असेल तर नकोच.

मागच्या वेळचा तो सोमवार परत येऊ देऊ नका. मला तुमचं चित्र डोळ्यांसमोर येतं, रविवारी रात्रीपासून जेवण कमी, सकाळी काट्यावर उभं राहायचं, आकडा ३०० ग्रॅमनी वर, ग्रुपवर बाकीच्यांचे हिरवे बाण आणि तुमचा लाल, खाली कोचचं "कुठे चुकलं?" आणि त्याखाली पन्नास लोकांनी ते वाचल्याची खूण. अहो, ३०० ग्रॅम म्हणजे नुसतं पाणी असू शकतं, मिठाचं असू शकतं, पाळी जवळ आल्याचं असू शकतं. काही जणांना ग्रुपमुळे हुरूप येतो हे मान्य, तुम्हाला येत नाही हे तुम्हाला कळलंय, मग वजन फक्त कोचला दिसेल अशी सोय मागायची. नाही म्हणाले तर तो प्रोग्रॅम दुसऱ्या कोणासाठी चांगला असेल.

पुढच्या प्रोग्रॅमवाल्याचा फोन आला की विकणाऱ्याला बोलू देण्याआधी तुम्हीच विचारा. माझ्या गोळ्या कमी-जास्त कोण करणार, तो डॉक्टर आहे का, त्याचा रजिस्ट्रेशन नंबर काय, तो माझ्या डॉक्टरांशी लेखी बोलणार का? रात्री अकराला शुगर ५५ आली तर मी कोणाला फोन करायचा? माझी कोच शिकलेली आहारतज्ज्ञ आहे की आधी स्वतः वजन कमी केलेली कोणी? किती जणांनी सुरू केलं, त्यातले किती शेवटपर्यंत टिकले आणि वर्षाने किती जणांचं वजन तिथेच होतं? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण आधीचे-नंतरचे फोटो पाठवतात. फोटो बघायचे नाहीत, मध्येच सोडून गेलेल्यांचे फोटो कोणी काढत नाही. सोडलं तर पैसे परत कसे, माझे रिपोर्ट आणि फोटो जाहिरातीत वापरणार का, हेही लेखी घ्या. आणि त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते पण लक्षात ठेवा. तुमच्या गोळ्यांची नावं, किडनीचा रिपोर्ट, डोळे कधी तपासले हे न विचारताच जो पैशांवर येतो त्याला तुमच्या डायबेटिसशी घेणं-देणं नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत असा शेक आणि सूपचा प्रोग्रॅम चालतो, त्यात वर्षभर साथ असते आणि नेहमीच्या डॉक्टरांनी औषधं कशी बदलायची हे ठरवल्याशिवाय सुरुवातच होत नाही. मापायला तो नमुना बरा आहे.

आता थोडं सगळ्यांसाठी, कारण हे वाचणाऱ्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या असतील. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा "फ्लोझिन"ने संपणाऱ्या गोळ्या घेत असाल तर कार्बोहायड्रेट एकदम तोडणारे किंवा लांब उपासाचे प्रोग्रॅम डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका, त्या गोळ्यांवर रक्तात किटोनचं (शरीर चरबी जाळताना बनतं ते) आम्ल साठू शकतं, आणि फसवं असं की शुगर फार वाढलेली नसतानाही साठतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, श्वास जोरात चालणं असं झालं तर घरी ग्लुकोमीटरवर चांगला आकडा बघून निवांत राहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. इन्सुलिन चालू असेल तर डोस जेवण कमी करायच्या आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो, हायपो झाल्यावर नाही. बीपीची गोळी असेल (ताई, तुमची आहे) तर वजन उतरताना बीपी खाली येतं आणि उठून उभं राहताना चक्कर येते, म्हणून बीपीही घरी मोजत राहायचं. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच डायबेटिसचा परिणाम झाला असेल तर शुगर फार झपाट्याने उतरताना तो काही काळ वाढू शकतो, त्यासाठी सुरुवातीआधी पडदा तपासून घ्यायचा. वजन झरझर उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. गरोदर असाल, दूध पाजत असाल, किडनीचा आजार पुढे गेलेला असेल, कधीकाळी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, तर हे अगदी कमी कॅलरीचे प्रकार तुमच्यासाठी नाहीत.

वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचंही सांगते, कारण आता पुष्कळ ऑनलाईन प्रोग्रॅम आतून तेच विकतात. सेमाग्लुटाईड, टिर्झेपाटाईड ही खरी आणि प्रभावी औषधं आहेत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. एवढंच माहिती असू द्या की डायबेटिस असलेल्यांचं वजन त्यांनी तुलनेने कमी उतरतं. सेमाग्लुटाईडच्या चाचण्यांत डायबेटिस नसलेल्यांचं सरासरी १४.९ टक्के उतरलं आणि डायबेटिस असलेल्यांचं ९.६, दोन्हीकडे ६८ आठवड्यांत. म्हणून शेजारच्या डायबेटिस नसलेल्या माणसाशी तुलना करून रडू नका. औषध थांबवलं की वजन बरंचसं परत येतं, आणि ग्लिमेपिराईडसोबत ही घेतली तर हायपोचा धोका वाढतो. फॉर्म भरून घेऊन घरपोच पाठवणाऱ्यांकडून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

डॉक्टरांचं तुम्हाला थोडं टेन्शन आहे असं दिसतं. दोन मिनिटंच मिळतात हे खरंय, मग त्या दोन मिनिटांत तोंडी सगळं आठवून सांगायच्या भानगडीत पडू नका, आधी लिहून पाठवा किंवा कागद पुढे ठेवा. असं काहीतरी: "डॉक्टर, मला ऑनलाईन प्रोग्रॅम घेऊन वजन कमी करायचंय, जेवण बरंच कमी होईल. ग्लिमेपिराईड आणि बीपीची गोळी आधीच कमी करावी लागेल का? शुगर कितीच्या खाली गेली तर तुम्हाला फोन करू? डोळे आणि किडनी आधी तपासून घेऊ का? संध्याकाळी हात थरथरतात तेव्हाचे आकडे सोबत दिलेत." एवढं वाचायला अर्धा मिनिट लागतो. "वजन कमी करा" असं पाच वर्षं म्हणणाऱ्या डॉक्टरांना पेशंट स्वतःहून असा प्लॅन घेऊन आला तर बहुतेकांना बरंच वाटतं. त्यांनी झटकून टाकलंच तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही, पण डॉक्टरशिवाय हा प्रकार नको.

कडक प्रोग्रॅम हवा का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत सांगते. शेक-सूपचा कडक प्रकार काहींना खरंच सोपा जातो, कारण तीन महिने "आज काय खाऊ" हा विचारच उरत नाही, आणि डॉक्टर तयार असतील, गोळ्या बदलून देतील, तर रिमिशनसाठी तो करून बघण्यासारखा आहे. पण आत्ता, संध्याकाळचं कोडं सुटायच्या आधी, अजिबात नाही. तुम्ही स्वतःला शिक्षा द्यायला कडक प्रोग्रॅम शोधताय असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं, आणि त्या मनःस्थितीत घेतलेला कडक प्रोग्रॅम पहिल्या वाईट आठवड्यातच सुटतो. मी तुमच्या जागी असते तर आधी आठ-दहा दिवस दुपारी नीट जेवले असते, आकडे टिपले असते, गोळी बदलून घेतली असती, आणि मग शांत डोक्याने कडक की हळूहळू हे ठरवलं असतं. हळूहळूचा रस्ताही कमी नाही, ८७ वर ५ टक्के म्हणजे साडेचार किलोच्या आत, तुम्ही याहून जास्त एकदा केलेलं आहे. तेवढं वजन उतरलं की निदान सहा महिने तिथेच टिकवायचं, आणि ते टिकवण्यासाठीच पैसे आणि कोच राखून ठेवायचा. चालणं आणि थोडा ताकदीचा व्यायाम याच टप्प्यात जास्त कामाचा, वजन उतरवायला व्यायामाची मदत लोकांना वाटते त्यापेक्षा कमी होते पण परत न येऊ द्यायला आणि स्नायू टिकवायला बरीच होते. हायपोचं कळेपर्यंत रिकाम्या पोटी व्यायाम नको, खिशात साखर हवी.

नवऱ्याशी भांडू नका. त्यांच्या "फसवणूक"मागे पैशाची काळजी असेल, तुमची असेल, मागच्या वेळी तुम्हाला खचलेलं बघितलंय त्याचीही असेल. वरचे प्रश्न त्यांनाच द्या, पुढचा फोन स्पीकरवर ठेवा आणि त्यांना विचारू द्या, संशयी माणूस अशा कॉलवर फार उपयोगी पडतो. हायपो कसा दिसतो आणि तेव्हा काय करायचं हेही त्यांना शिकवून ठेवा, विशेषतः हे की माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची.

आणि ते फोनवाले परत म्हणतील की ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे. जाऊ द्या ती ऑफर. आधी मीटर पर्समध्ये टाका, डॉक्टरांची तारीख घ्या, आणि सहा वाजताचे आकडे काय येतात ते मला जरूर लिहा.